खेळाचा कारभारी घडतो कुठे?

ग्वाल्हेरचे लष्कर असो की पुण्याचे कोथरूड, घरात खेळवेडे मूल असले आणि ते राष्ट्रीय संघापर्यंत पोचणार नाही हे सतराव्या-अठराव्या वर्षी कळून चुकले, की हल्ली एक ठरलेला सल्ला मिळतो. पदवी घे, मग स्पोर्ट्‌स मॅनेजमेंटमध्ये एमबीए कर, आयपीएलच्या एखाद्या संघात शिरकाव करून घे. दहा-पंधरा वर्षांत क्रीडाक्षेत्राचे नेतृत्व आपोआप हाती येईल. सल्ला देणारे तो मनापासून देतात. अभ्यासक्रमांच्या जाहिरातीही तेच सांगतात. मला हा सल्ला वरवरचा वाटतो. त्यात मुलांची ऐन उमेदीची वर्षे जातात, म्हणून त्याची नीट चिकित्सा करणे मला गरजेचे वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. भारतात खेळाची मालकी धंद्याकडे नाही. ती निवडणुकीने चालणाऱ्या संघटनांकडे आहे, आणि बहुतेक मैदाने सरकारच्या ताब्यात आहेत. बाजार या दोघांच्या परवानगीने खेळात येतो. बिझनेस स्कूल मात्र जवळजवळ फक्त बाजार शिकवते. तिथून बाहेर पडलेला विद्यार्थी चांगला नोकर होतो. खेळाचे निर्णय ज्या बैठकीत होतात तिथे त्याला खुर्ची नसते. म्हणून बिझनेस स्कूलमधले शिक्षण संघटनांच्या कारभाराकडे वळवले पाहिजे, आणि संघटनांनीही असे शिक्षण घेतलेल्या माणसासाठी पगाराची व अधिकाराची जागा निर्माण केली पाहिजे. यातली एकच गोष्ट झाली तर काहीही बदलणार नाही.

१. १९५७ सालचे दोन प्रश्न

१८५७ च्या उठावाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, ऑगस्ट १९५७ मध्ये, केंद्र सरकारने ग्वाल्हेरात लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. झाशीच्या राणीने जिथे देह ठेवला त्या गावाची निवड जाणूनबुजून केलेली होती. शारीरिक शिक्षणाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम इथे सुरू झाला, १९९५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि देशभरच्या शाळा-महाविद्यालयांतले क्रीडाशिक्षक व प्रशिक्षक इथून घडले. नव्या स्वतंत्र देशापुढचा प्रश्न साधा होता: मुलांना खेळ शिकवणार कोण?

त्याच १९५७ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी जेम्स मेसन या प्राध्यापकाला एक पत्र लिहिले. स्टेडियम, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, बर्फावरच्या खेळांची जागा अशा गोष्टींचा कारभार पाहण्याचे शिक्षण घेतलेला माणूस आपल्याला हवा असेल तर तो कुठे शोधायचा, अशी त्यांची विचारणा होती. त्या पत्रातून पुढे १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात क्रीडा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहिला. जगभरचे स्पोर्ट्‌स मॅनेजमेंटचे शिक्षण त्याच वाटेने वाढले.

या दोन प्रश्नांमधला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ओमॅली मालक होते. संघ त्यांचा, तिकिटाचा पैसा त्यांचा, तोटाही त्यांचा. त्यांना आपली मालमत्ता सांभाळणारा व्यवस्थापक हवा होता, आणि अमेरिकेतला अभ्यासक्रम त्या गरजेपोटी जन्मला. आपल्याकडे खेळ कुणा एकाच्या मालकीचा नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १९२८ मध्ये स्थापन झाले आणि १९४० मध्ये संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदले गेले. राज्य आणि जिल्हा संघटनाही बहुतेक अशाच नोंदणीकृत संस्था आहेत: त्यांना भागधारक नसतात, सभासद असतात. अशा संस्थेचा कारभारी हा विश्वस्त असतो. मालकाच्या व्यवस्थापकासाठी आखलेला अभ्यासक्रम आपण उचलला आणि विश्वस्त घडवायला वापरला. आपला तिसरा प्रश्न तसाच राहिला: लोकांच्या वतीने खेळ सांभाळणारा माणूस कुठे शिकतो?

२. ग्वाल्हेरात दिसणारे चित्र

या शहरात क्रिकेट संघटना, राज्य सरकार आणि शिक्षणसंस्था अशा खेळाच्या तीन सत्ता शेजारी-शेजारी नांदतात. कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय क्रिकेटमधले पुरुषांचे पहिले द्विशतक केले. त्यानंतरचा आंतरराष्ट्रीय सामना शहराला मिळाला तो थेट ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, शंकरपूरच्या नव्या श्रीमंत माधवराव शिंदे स्टेडियमवर. मधली चौदा वर्षे तेंडुलकरचा विक्रम हेच गावाचे क्रिकेटमधले भांडवल होते. राज्य सरकारने २००६ मध्ये इथेच महिला हॉकी अकादमी सुरू केली. आणि शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय विद्यापीठ तर सहा दशकांहून अधिक काळ इथे आहेच.

आता या शहरातले क्रिकेटचे नेतृत्व कसे तयार झाले ते पाहा. माधवराव शिंदे १९९० ते १९९३ या काळात क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव ज्योतिरादित्य शिंदे यांनी स्टॅनफर्डमधून एमबीए केले आणि पुढे मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. २०१० आणि २०१२ मध्ये भाजप नेते कैलास विजयवर्गीय यांच्याविरुद्धच्या निवडणुका त्यांनी जिंकल्या. २०२५ मध्ये ज्योतिरादित्य यांचे चिरंजीव महानआर्यमन शिंदे त्याच संघटनेचे अध्यक्ष बिनविरोध झाले. म्हणजे जगातल्या नामांकित बिझनेस स्कूलची पदवी असलेला क्रीडानेता ग्वाल्हेरने पाहिलेला आहे. पण पदापर्यंत नेणारा रस्ता पदवीचा नव्हता. तो घराण्याचा, लोकसंपर्काचा आणि मतांचा होता.

शिंदे घराण्याने या शहरातल्या खेळासाठी केलेले काम नाकारण्याचा माझा हेतू नाही. हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंग, १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी, हे ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते, आणि शहराचे स्टेडियम त्यांच्या नावाचे आहे. राजाश्रयाने मैदाने उभी राहतात, माणसे सांभाळली जातात. मात्र राजाश्रयातून शिडी तयार होत नाही. शारीरिक शिक्षण विद्यापीठातून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेल्या, वर व्यवस्थापनाची पदवी मिळवलेल्या मुलीला त्याच शहरातल्या संघटनेच्या कारभारात शिरायचे असेल, तर कुठली परीक्षा, कुठली मुलाखत, कुठली पायरी आहे? मला तरी अशी पायरी दिसत नाही. ग्वाल्हेरपुरती ही गोष्ट नाही. नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, कुठेही जा.

३. वर्गात काय शिकवतात

स्पोर्ट्‌स मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमाचे विषय साधारण सगळीकडे सारखे आहेत: प्रायोजकत्व, प्रक्षेपण हक्क, तिकीटविक्री, स्पर्धेचे आयोजन, खेळाडूंचे करार, ब्रँड, समाजमाध्यमे. या विषयांना कमी लेखता येणार नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढ्या रकमेचे करार जिथे होतात तिथे शिकलेली माणसे लागणारच.

पण जिल्हा संघटनेच्या सचिवाच्या टेबलावर रोज काय येते? वयाचा दाखला खरा की खोटा. निवड समितीत एकाच क्लबची माणसे का. पंचांचे मानधन थकले आहे. सरकारने मैदान लग्नसमारंभाला दिले, मग स्पर्धा कुठे घ्यायची. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक गेली होती का. प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार आली तर ती कुणी ऐकायची आणि मुलीचे नाव गुप्त कसे ठेवायचे. लेखापरीक्षकाने काढलेली शंका वार्षिक सभेत मांडायची की नाही. खेळाचे नेतृत्व इथे कसाला लागते, आणि या कामाचा सराव मुलांना कुठल्याच वर्गात मिळत नाही. ग्वाल्हेरच्या हॉकी अकादमीचे उत्पन्न किती, हा प्रश्नच गैरलागू आहे. तिथल्या मुली काय खातात, शाळा करतात की नाही, दुखापतीनंतर परत उभ्या राहतात की घरी जातात, यावर तिचे यश मोजायचे. प्रक्षेपण हक्कांच्या गणितात या मोजमापाला जागा नाही.

मुंबईत २०१० मध्ये नीलेश कुलकर्णी यांनी इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्‌स मॅनेजमेंट सुरू केली. १९९७ मध्ये कोलंबोला कसोटी पदार्पणात पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे ते हे डोंबिवलीकर कुलकर्णी. मुंबई विद्यापीठाशी जोडून क्रीडा व्यवस्थापनाची पदवी देणे हे धाडसाचे काम होते, आणि २०२० मध्ये संस्थेला राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कारही मिळाला. एका माजी खेळाडूने एवढे केले. पुढचे पाऊल मात्र एका संस्थेच्या आवाक्यातले नाही. शिकलेल्या मुलांना संघटनांची दारे उघडी नसतील, तर ती मुले फ्रँचायझी आणि इव्हेंट कंपन्यांकडेच जाणार. त्यात त्यांचा दोष नाही.

४. लीग कोसळतात त्या जागा

कुणी म्हणेल, बाजार वाढला की संघटना आपोआप सुधारतील. गेल्या काही वर्षांचा अनुभव उलटा आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रो व्हॉलीबॉल लीग झाली. प्रेक्षक आले, टीव्हीवर ती पाहिली गेली. पहिल्याच हंगामानंतर व्हॉलीबॉल महासंघाने आयोजक कंपनीशी केलेला करार मोडला आणि प्रकरण वादात अडकले. त्याच कंपनीने २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग उभी केली ती महासंघाला बाजूला ठेवून. व्यवस्थापन उत्तम होते, अडचण परवानगीची होती.

फुटबॉलचे उदाहरण याहून मोठे आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यावसायिक भागीदाराशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. इंडियन सुपर लीग त्यावर उभी होती. डिसेंबर २०२५ मध्ये तो संपणार हे सगळ्यांना पंधरा वर्षांपासून ठाऊक होते. तरीही महासंघाच्या घटनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित राहिला, नवा करार झाला नाही, जुलै २०२५ मध्ये नवा हंगाम स्थगित झाला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. या लीगमध्ये परदेशात शिकलेल्या, एमबीए केलेल्या माणसांची उणीव नव्हती. ज्या कागदावर सगळे अवलंबून होते तो कागद त्यांच्या हातात नव्हता. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने याच महासंघाला निलंबित केले होते. कुस्तीतही ऑगस्ट २०२३ मध्ये वेळेवर निवडणुका झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले.

घटना, निवडणूक, सभासदत्व, तक्रार निवारण हे विषय बिझनेस स्कूलला रुक्ष वाटतात. भारतीय खेळ बुडतो तो याच खड्ड्यांत.

५. दोन माणसे

कबड्डीकडे पाहा. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आली आणि खेळ घरोघरी पोचला, याचे श्रेय मार्केटिंगला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. हुतूतू, चेडुगुडू, हाडुडू अशा नावांनी आणि वेगवेगळ्या नियमांनी खेळला जाणारा खेळ एका नियमावलीत आणायला दशके लागली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो बर्लिनला दाखवला, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याचे प्रात्यक्षिक झाले, १९९० च्या बीजिंगमध्ये तो पदकांचा खेळ झाला. या सगळ्या वाटचालीत शंकरराव ऊर्फ बुवा साळवींचा वाटा केवढा, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. बुवांनी कुठल्या बिझनेस स्कूलचे तोंड पाहिले नव्हते. संघटना बांधणे, नियम एक करणे, पंच तयार करणे, शेजारी देशांत खेळ नेणे, हे काम त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी केले, म्हणून २०१४ मध्ये विकण्याजोगा खेळ तयार होता. लीगने पीक काढले, मशागत संघटनेने केलेली होती.

दुसरे उदाहरण व्हिरेन रस्किन्हा यांचे. मुंबईचा हा हॉकीपटू २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळला, भारताचा कर्णधार झाला, आणि उमेदीतच हॉकी सोडून हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये एमबीएला गेला. त्यानंतर त्यांनी गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टची धुरा घेतली. लंडन २०१२ मध्ये भारताला मिळालेल्या सहा पदकांपैकी चार पदकांचे मानकरी या संस्थेचे पाठबळ असलेले होते: सायना नेहवाल, मेरी कोम, विजय कुमार, गगन नारंग. रस्किन्हांनी खेळाचे नाव लावलेली पदवी घेतली नाही. हिशेब, माणसे आणि निर्णय शिकवणारी सर्वसाधारण पदवी घेतली आणि ती नफा न कमावणाऱ्या संस्थेत वापरली. बिझनेस स्कूलमधून क्रीडानेतृत्वाकडे जाणारा रस्ता आहे याचा हा माझ्या दृष्टीने सर्वांत बळकट पुरावा. पण तेही संघटनेच्या बाहेर राहूनच हे करू शकले, हे विसरता येत नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप खेळाडूंकडून येतो: खेळाचे नेतृत्व खेळाडूनेच करावे. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे, पण ते पुरेसे नाही. पी. टी. उषा डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्याएवढी मोठी खेळाडू शोधूनही सापडणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी रघुराम अय्यर यांची मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक जाहीर केली. अय्यर आयपीएलच्या संघाचा कारभार पाहिलेले व्यावसायिक. कार्यकारिणीतल्या बहुसंख्य सदस्यांनी पगारावरून विरोध केला आणि नेमणुकीवर शिक्कामोर्तब व्हायला जवळपास दीड वर्ष गेले. अध्यक्षपदी खेळाडू, शेजारी बाजारातून आलेला व्यावसायिक, आणि तरी कारभार अडला. गुणी माणसे आणून बसवली की संस्था सुधारते या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नको.

दुसरा आक्षेप कायद्याचा. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झाला. आता सगळे बदलेल, असे सांगितले जाते. कायदा चांगला आहे. कार्यकारिणी १५ जणांपुरती, त्यात किमान चार महिला, खेळाडूंचे प्रतिनिधित्व, खेळाडू समिती, नीती समिती, तंटा निवारण समिती, वर राष्ट्रीय मंडळ आणि न्यायाधिकरण. पण समित्या कागदावर बसतात, काम माणसांना करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीनेही जानेवारी २०१६ च्या अहवालात क्रिकेटसाठी स्पष्ट सांगितले होते की निवडून आलेल्यांनी धोरण ठरवावे आणि रोजचा कारभार पगारी व्यावसायिकांकडे द्यावा. जिल्हा पातळीवर त्यातले किती उतरले ते प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन पाहावे. कायद्यामुळे व्यवस्थापन शिकलेल्यांसाठी पहिल्यांदाच खरे काम तयार झाले आहे. ते करायला ही मुले गेली नाहीत, तर त्याच समित्यांवर तीच जुनी नावे दिसतील.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि सगळ्यांत प्रामाणिक. संघटनेत पगार नाही, शैक्षणिक कर्जाचे हप्ते कुठून भरायचे? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. म्हणूनच मी जबाबदारी मुलांवर टाकत नाही. राज्य संघटनांकडे, निदान क्रिकेटच्या संघटनांकडे, पैसा आहे. प्रत्येक विभागीय संघटनेत एक पूर्णवेळ, पगारी, निवडणूक न लढवणारा कारभारी ठेवणे त्यांना जड नाही. बाकी खेळांसाठी राज्य सरकारने अनुदानाला हीच अट जोडावी.

७. ग्वाल्हेरने काय करावे

ग्वाल्हेरात शारीरिक शिक्षणाच्या राष्ट्रीय विद्यापीठाबरोबरच १९९७ मध्ये सुरू झालेली अटलबिहारी वाजपेयी भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था आहे, आणि तिथे एमबीए शिकवले जाते. एका संस्थेला खेळ कळतो, दुसरीला कारभार. दोघींनी मिळून दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवावा. त्यातले एक पूर्ण वर्ष ग्वाल्हेर-चंबळच्या जिल्हा संघटनांत, हॉकी अकादमीत, शालेय स्पर्धांच्या कार्यालयात जावे. विषयांत संस्था नोंदणी कायदा, नवा क्रीडा कायदा, लेखापरीक्षण, बालसुरक्षा, निवडीची कार्यपद्धती असावी. प्रायोजकत्व आणि प्रक्षेपण हक्क तिसऱ्या सत्रात आले तरी चालेल. अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाली आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळवण्याचे प्रयत्न चालले आहेत. स्पर्धा पार पाडायला माणसे मिळतील, ती कंत्राटाने आणता येतात. मोरेना, भिंड, शिवपुरीत खेळ चालवणारी माणसे कंत्राटाने येत नाहीत.

आणि ग्वाल्हेर, इंदूर, पुणे, नागपूरच्या मराठी घरांतल्या मुलांना माझे सांगणे: एमबीए जरूर करा, शक्यतो सर्वसाधारण करा. पण त्याआधी दोन हंगाम आपल्या जिल्हा संघटनेत पंच, गुणलेखक किंवा सचिवाचा मदतनीस म्हणून काढा, संघटनेची घटना मिळवून वाचा, वार्षिक सभेत जाऊन बसा. पालकांनी स्पोर्ट्‌स मॅनेजमेंटच्या प्रवेशासाठी जाताना संस्थेला एकच गोष्ट विचारावी: तुमचे किती विद्यार्थी आज क्रीडा संघटनेत पगारावर काम करतात, आणि कुठल्या पदावर? हे उत्तर लेखी मिळेपर्यंत फीचा धनादेश देऊ नये.